एलरॉयनं न केलेला पाळणा

हेगेन गावच्या धान्य सोसायटीत एलरॉय ग्रिमस्टॅड चौतीस वर्षं वजनकाट्यावर बसला. शेतकऱ्याचा ट्रक काट्यावर चढायचा, एलरॉय चष्म्यावरून आकडा वाचायचा, आणि मग त्या आकड्यावर कुणी काही बोलायचं नाही. माणूस सरळ. इतका सरळ, की त्याच्या सख्ख्या मेव्हण्यानं सोयाबीनमध्ये ओल आहे हे नाकारलं तेव्हा एलरॉयनं मूठभर दाणे त्याच्या हातात देऊन त्याला म्हटलं होतं, "चावून बघ आणि मग बोल."

तो निवृत्त झाला तेव्हा वर्गणी काढून भेट आणायचं काम माझ्यावर आलं. मी मार्व ऑस्टबी. हेगेन आणि आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटायचो, रोज शंभर मैलांचा फेरा व्हायचा, म्हणून गावातली असली सगळी कामं माझ्याच गळ्यात पडायची. मी एक विजेचं ड्रिल आणलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पुढे जे झालं त्याचा थोडा दोष माझ्याकडे येतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

ड्रिलबरोबर माहितीपुस्तक होतं. कुठलाही शहाणा माणूस ते खोक्यात ठेवतो आणि भोकं पाडायला लागतो. एलरॉयनं ते तीन दिवस वाचलं. चौथ्या पानावर लिहिलं होतं: योग्य कामासाठी योग्य हत्यार निवडा. त्या वाक्यानं त्याला धरलं ते सोडलंच नाही.

त्याची बायको लवॉन शाळेच्या मुदपाकखान्यात होती. दोनशे पोरांना रोज जेवू घालणारी बाई. तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत खालच्या खणात एक हातोडी, एक पक्कड, एक पेचकस आणि टोक मोडलेली लोण्याची सुरी असायची. लग्नापासून त्यांचं घर त्या चार वस्तूंवर उभं होतं.

"भोक कुठे पाडायचंय?" तिनं विचारलं.

"भोकाचं नंतर. आधी भोक पाडायला हेच यंत्र योग्य आहे का, ते ठरवायला हवं."

"पण यंत्र तर घरात आलंय."

"तोच तर घोळ झालाय, लवॉन!"

आणि त्यानं कॅटलॉग मागवायला सुरुवात केली. मार्चपासून मेपर्यंत मी त्याच्या टपालपेटीत एकोणीस कॅटलॉग टाकले. पेटीत मावेनात, तेव्हा तो रस्त्यावर येऊन उभा राहू लागला. मी गाडीची काच खाली केली की तो गठ्ठा छातीशी धरायचा, आणि तिथेच, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, मला विचारायचा, "मार्व, रंध्याचं पातं किती अंशांत बसवलेलं तुला बरं वाटतं?"

मला रंधा म्हणजे काय तेच नीट ठाऊक नव्हतं. मी म्हणायचो, "मधलं."

"मीही तिकडेच झुकतोय," तो गंभीरपणे म्हणायचा.

निवडीची त्याची रीत काट्यावरचीच. तालुक्याच्या गावी हत्यारांचं एक दुकान होतं. तिथे तो काटकोन तपासायचा स्वतःचा गुण्या, स्वतःची पट्टी आणि लवॉनचा पीठ मोजायचा काटा घेऊन जायचा. दुकानातला प्रत्येक गुण्या काचेवर ठेवून रेघ मारायचा, उलटवायचा, पुन्हा रेघ मारायचा. दोन रेघांत केसाएवढं अंतर पडलं की गुण्या परत खुंटीला. हातोड्या तोलायचा. करवतीचे दात भिंगातून मोजायचा. पुढे पुढे त्याची गाडी दारात लागली की दुकानदार नोकराला सांगायचा, "तू बघ रे, मी जेवून येतो." सकाळचे साडेनऊ वाजलेले असायचे.

तरी सामान येतच गेलं. आधी गॅरेजमधलं गवत कापायचं यंत्र बाहेर गेलं, मग मासेमारीच्या गळकाठ्या, मग मोटार. त्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तिशीला टेकला होता, आणि लवॉन पहाटे मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मी रोज बघायचो. आत गॅरेजमध्ये मात्र गॅसची शेगडी चालू असायची, कारण बिडाच्या यंत्रांना गंज चढतो.

"मला चढत नाही ना गंज," लवॉन मला म्हणाली. "म्हणून मी बाहेर."

गॅरेज बघण्यासारखं झालं होतं, यात शंका नाही. जमिनीला करडा रंग, तोही चकचकीत. मधोमध करवतीचं मोठं मेज, शेजारी पट्ट्याची करवत, भिंतीशी लाकूड सपाट करायचं यंत्र. समोरच्या फळीवर हाताची हत्यारं, आणि प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगात त्याची आकृती काढलेली, म्हणजे एखादी पटाशी जागेवर नसली तर तिचं भूत दिसावं. पण कधीच काही जागेवरून हललं नाही. भुसा औषधालाही नव्हता. पाहुण्यांना बूट दाराशी काढावे लागायचे.

आता गावातल्या दोन पंथांबद्दल सांगायला हवं. हेगेनमध्ये लुथरन चर्चं दोन. ती का फुटली हे आठवणारा शेवटचा माणूस मागेच वारला, पण लोक अजून एकमेकांच्या कॉफीला जात नाहीत. हत्यारांचंही तसंच. गावच्या कॅफेत सकाळी सहा वाजता खिडकीजवळच्या मेजाभोवती हाताची हत्यारं मानणारे हातवाले बसायचे, त्यांचा म्होरक्या सिगर्ड लॉकन. गल्ल्याजवळच्या मेजाशी वीजवाले, त्यांचा डुएन प्रोश.

"वीज लावून कापलेलं लाकूड मेलेलं असतं," सिगर्ड म्हणायचा.

"लाकूड मेलेलंच असतं, सिगर्ड. झाड पाडतात तेव्हाच मरतं ते," डुएन पलीकडून ओरडायचा. "तुझं एक स्टूल पुरं होईपर्यंत बसणारा मरतो, तेवढं बघ."

एलरॉयनं दोन्हीकडे बसायला सुरुवात केली. सोमवार, बुधवार खिडकीशी; मंगळवार, गुरुवार गल्ल्याशी. सगळं वाचलेलं, त्यामुळे हातवाल्यांना त्यांच्या रंध्यांचा इतिहास तो सांगायचा आणि वीजवाल्यांना त्यांच्या यंत्रांच्या मोटारी मिनिटाला किती फेरे घेतात ते. दोघांनाही वाटलं, हा आपलाच. मग लोक विचारू लागले. जावयाला काय घेऊ, तळघरात कुठलं यंत्र मावेल. एलरॉय कोट काढून खुर्चीला लावायचा आणि सुरू व्हायचा.

त्याचा सल्ला चांगला होता, हे कबूल करायला हवं. "सहा पटाश्यांचा संच घेऊ नकोस, त्यातल्या चार डब्यात म्हाताऱ्या होतात. एकच घे, पोलाद चांगलं बघून घे, आणि तेवढाच खर्च धार लावायच्या दगडावर कर." "करवत विकत घेताना डोळे मीट आणि मूठ धर. मूठ हातात बसली नाही तर दात कितीही चांगले असोत." "पहिलं यंत्र ड्रिल. दुसरं कुठलं, ते पहिलं काम कुठे अडतंय त्यावरून ठरव." "फळ्या आवळून धरायचे शिकंजे कितीही घे, एक कमीच पडतो." त्याच्या सांगण्यावरून मीही एक हातकरवत घेतली आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला खोपटं बांधलं. ते अजून उभं आहे.

वर्षभरात तो आमच्या साप्ताहिकात सदर लिहू लागला, नाव ‘योग्य हत्यार’. शेजारच्या तालुक्यांतून व्याख्यानाची बोलावणी यायला लागली. आणि दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आमच्या वाचनालयात ‘घरच्या कारखान्यासाठी हत्यारांची निवड’ या विषयावर त्याचं भाषण ठरलं. साठ माणसं आली. आमच्या गावात साठ माणसं अंत्यविधीलाच जमतात, आणि तेही मागाहून जेवण असेल तर.

भाषण दीड तास चाललं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेत मिसेस क्वाले बसली होती, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, हातात विणकाम. ती बहुतेक ऊब मिळते म्हणून आली होती. सुई न थांबवता तिनं विचारलं, "एलरॉय, तू काय काय केलंस रे?"

"कशाचं?"

"लाकडाचं. या सगळ्यांनी काय केलंस?"

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा असा झाला, जसा काट्यावर ट्रक आहे आणि काटा शून्य दाखवतोय. तो ‘अजून काही नाही’ म्हणाला असता तर लोक हसले असते आणि कॉफीकडे वळले असते. पण साठ माणसं बघत होती. चौतीस वर्षांत एक पौंड इकडचा तिकडे न केलेला तो माणूस म्हणाला, "पाळणा."

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. पहिल्याच रांगेत जिल्ह्याच्या जत्रेतल्या हस्तकला विभागाची प्रमुख बसली होती. तिनं पर्समधून अर्ज काढला आणि तिथल्या तिथे त्याचं नाव लिहून टाकलं: पाळणा, लाकडी, एक. जत्रा ऑगस्टमध्ये.

घरी जाताना लवॉन गाडी चालवत होती. मी मागे बसलो होतो.

"कुणाचा पाळणा?" लवॉननं विचारलं.

"करीन मी."

"आपली धाकटी चाळिशीला आली, एलरॉय."

"जत्रेसाठी करीन."

एप्रिल आराखड्यात गेला. मे महिन्यात त्याच्या लक्षात आलं, की पाळण्याच्या वळणदार पायांसाठी योग्य ती करवत आपल्याकडे नाहीच. ती मागवली. जूनमध्ये तिच्यासाठी योग्य ते पातं मागवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यानं ओकची पहिली फळी करवतीच्या मेजावर ठेवली, चार वेळा मोजली, कापली, आणि ती पाव इंच आखूड भरली. दुसरी कापली, तीही आखूड. तिसरी लांब राहिली, म्हणून पुन्हा कापली, मग आखूड झाली. मोजमाप बरोबर होतं, पण यंत्राचा आवाज सुरू झाला की तो डोळे मिटायचा, हे मला लवॉननं सांगितलं. महिनाअखेर त्याच्याकडे ओकचं उत्तम सरपण जमलं होतं.

मग एका शनिवारी तो मला म्हणाला, "मार्व, चाळीस मैलांवर लिलाव आहे. जुना रंधा मिळेल म्हणतात. येतोस?"

मी गेलो. टॉरव्हाल्ड हाउगे नावाचा एक शेतकरी वारला होता. एकटा, लग्न न झालेला. त्याचं घरदार अंगणात मांडलं होतं: भांडी, घोंगड्या, दुधाच्या बरण्या. आणि त्यात एक पाळणा. साधा, पाइनचा, कडा गोलावलेल्या. लिलाव पुकारणारा म्हणाला, "म्हाताऱ्यानं तरुणपणी स्वतः केलेला, मंडळी. कधी वापरला नाही." लोकांना काय करावं कळेना, काही जण उगाच घड्याळात बघू लागले. एलरॉयनं हात वर केला.

परतताना पाळणा मागच्या सीटवर होता. मी विचारलं, "रंध्याचं काय झालं?"

"रंधा बरोबर नव्हता," तो म्हणाला. मीही पुढे काही बोललो नाही. त्यात मी सामील होतो, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानं बाहेरून पाळणा घासला आणि रोगण दिलं. आतल्या बाजूला हात लावायला त्याचं मन धजलं नाही.

जत्रेत हस्तकलेचा मांडव डुकरांच्या मांडवाला लागूनच असतो, त्यामुळे तिथे कलेचा वास वेगळाच येतो. परीक्षक बाहेरची होती, हॅरिएट झिमनी, साठीची, दारंखिडक्या करणारी बाई. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर नव्हतं. तिनं इतर वस्तूंवर मिनिटभर घालवलं असेल. पाळण्यापाशी मात्र ती गुडघ्यांवर बसली. आत हात घालून तळ चाचपला. जोडांवरून बोट फिरवलं.

"मंडळी, हे बघून घ्या," ती मोठ्यानं म्हणाली. "या माणसाकडे एक करवत होती, एक पटाशी आणि एक खिशातला चाकू. बाकी काही नव्हतं. आणि त्याला बाकी काही लागलंही नाही. कुणी केलाय?"

एलरॉयनं हात वर केला, शाळेत करतात तसा. ती उठून जवळ आली.

"इथे पटाशी उलट्या अंगानं चाललीय. डावखुरा आहेस ना?"

एलरॉयचा हात अजून वरच होता. तिनं त्याच्या वर केलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. मी आणि लवॉन जवळ होतो म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"मी पाळण्याला रिबन देते. माणसांना रिबनी द्यायचं काम देवाच्या दयेनं माझ्याकडे नाही."

आणि तिनं पहिल्या नंबरची निळी रिबन पाळण्याला बांधली.

एलरॉयनं दोन दिवस काही खाल्लं नाही. आमच्या जत्रेत, जिथे काडीला खोचून तळलेलं सगळं मिळतं, तिथे हे सोपं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मांडवात गेला, आपल्या नावाची चिठ्ठी काढली आणि दुसरी लावली. स्वच्छ छापील अक्षरांत लिहिलं होतं: हा पाळणा टॉरव्हाल्ड हाउगे यांनी केला. मी केलेला नाही. मी फक्त रोगण दिलं. एलरॉय ग्रिमस्टॅड.

मला वाटलं, आता गाव याला कच्चा खाणार. दुपारपर्यंत चिठ्ठीपुढे रांग लागली.

"वाचलंस? म्हणतो, मी फक्त रोगण दिलं!" डुएन प्रोशच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजच्या काळात असा माणूस!"

"हा हाउगे त्याचा गुरू असणार," सिगर्ड लॉकन म्हणाला. "हातवाला असणार. श्रेय गुरूला देतोय."

"अरे, मी खरंच नाही केला," एलरॉय म्हणाला.

"बरं, बरं," सिगर्ड त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला.

आमच्याकडे विनयाची फार किंमत. स्वतःची भाजी आळणी झालीय असं म्हटल्याशिवाय कुणी भांडं मेजावर ठेवत नाही. त्यामुळे ‘मी केलेलं नाही’ याचा अर्थ ‘मी केलंय आणि उत्तम केलंय’ असाच होतो. साप्ताहिकानं पहिल्या पानावर फोटो छापला. जिल्ह्याच्या संग्रहालयानं पाळणा मागून नेला आणि त्यावर एलरॉयच्या नावाची पितळी पट्टी लावली. तो तीनदा जाऊन भांडला. शेवटी त्यांनी पट्टी बदलली आणि लिहिलं: ग्रिमस्टॅड शैली.

त्याला आता झोप लागेना. म्हणाला, "मार्व, लोक कागदावर विश्वास ठेवत नाहीत. डोळ्यांवर ठेवतील."

ऑक्टोबरमध्ये चर्चचं वार्षिक मासळीचं जेवण असतं. त्या दुपारी एलरॉयनं हातगाडीवरून सहा हत्यारं आणली, पटांगणात फळी ठेवायच्या दोन लाकडी घोड्या मांडल्या आणि जाहीर केलं, की मी सगळ्यांसमोर एक बाक करणार आहे. आसपासच्या शेतवस्त्यांवरची धरून दोनशे माणसं गोळा झाली. त्यानं लपवाछपवी केली नाही. फळी सरळ कापायचा मनापासून प्रयत्न केला. ती वाकडी गेली. खाच पाडली, ती फाटली. तिसऱ्या खिळ्याला हातोडी अंगठ्यावर बसली आणि तो आजोबांच्या नॉर्वेजियन भाषेत काहीतरी म्हणाला, ज्यामुळे मिसेस क्वालेनं पहिल्यांदाच विणकाम थांबवलं. दोन तासांनी बाक उभा राहिला: तीन पाय जमिनीवर, चौथा हवेत.

"बघा!" एलरॉय घामाघूम होऊन म्हणाला. "बघितलंत ना?"

मग अशा टाळ्या, की आत जेवायला बसलेले लोकही धावत आले.

"चुका कशा होतात ते स्वतः करून दाखवणारा शिक्षक मिळतो कुठे आजकाल!" पाद्रीबाई म्हणाल्या. त्या आमच्याकडे नव्यानंच आल्या होत्या.

"इतकं वाकडं मुद्दाम कापायला हात किती तयार लागतो, ठाऊक आहे?" डुएन शेजाऱ्याला सांगत होता.

एलरॉय हातगाडीवर बसून राहिला. लवॉन पातेल्यांचं काम टाकून एप्रनवरच आली, त्याचा अंगठा तिनं मासळीसाठी काढलेल्या गार लोण्यात धरला आणि फडक्यानं बांधला.

"तुला खरंच येत नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही ना येत."

"मला लग्नापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू मला पात्याचे अंश विचारायचास." गाठ मारून तिनं हात सोडला. "येत नाही तर शीक. ती बोट तुटलेली बाई आहे ना, तिला फोन कर. नाहीतर मी करते."

फोन लवॉननंच केला.

दर मंगळवारी एलरॉय पस्तीस मैलांवर हॅरिएट झिमनीकडे जाऊ लागला. पहिल्या दिवशी मोटारीची मागची बाजू हत्यारांनी भरून गेला होता. हॅरिएटनं एक पटाशी उचलली आणि बाकीच्यांवर झाकण टाकलं.

"हिला धार लाव."

"किती अंशांत?"

"लागेल तितक्या. दंडावरचा केस निघाला की सांग."

तो हिवाळा तिथेच गेला. पटाशीला धार, मग लाकडाच्या तुकड्यात चौकोनी खाच, मग ती फेकून दुसरी. झाडलोटही त्याच्याकडेच होती. डाव्या दंडावरचे केस गेले तेव्हा त्यानं उजव्या दंडाचे काढायला घेतले. साप्ताहिकाला त्यानं कळवलं, की सदर बंद. संपादकानं जुने लेख पुन्हा छापले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. हॅरिएट त्याच्या पाठीशी उभी राहून म्हणत होती, "घाई कसली? निवृत्त आहेस ना? आणि डोळे उघडे ठेव. करवत चावत नाही, तू तिच्या तोंडात बोट घालतोस म्हणून ती चावते. हे बघ, मी घातलं होतं." आणि आपलं अर्धं बोट तिनं त्याच्या नाकासमोर धरलं. एलरॉय हसला. तो हसतो हे मी विसरलो होतो.

परतताना म्हणाला, "मार्व, जन्मभर मी दुसऱ्यांनी पिकवलेलं मोजलं. मोजायला यायचं म्हणून वाटायचं, की पिकवायलाही येतं."

आता शेवटचं. आमच्या पाद्रीबाई उंचीनं बेताच्या. व्यासपीठामागे उभ्या राहिल्या की मागच्या बाकांना फक्त केस दिसायचे. वसंतात एलरॉयनं त्यांच्यासाठी ओकची एक पायरी केली. पाच आठवडे लागले. एका जोडात फट राहिली, तिथे त्यानं पातळ चीप बसवली. पायरी डाव्या अंगाला जराशी कललेली, पण डगमगत नव्हती. मी तिच्यावर उड्या मारून बघितलंय.

रविवारी चर्चनंतर गावानं ती पायरी पाहिली. सिगर्ड लॉकन वाकला, फटीवरून नख फिरवलं आणि बाहेर आला.

"हात गेला बिचाऱ्याचा," तो मग हळहळून म्हणाला.

"डोळेही असतील," डुएन म्हणाला. "तो पाळणा करणारा हात, आणि ही पायरी. वय कुणाला सोडत नाही." त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर हत्यारांचं विचारायला एलरॉयकडे कुणी गेलं नाही. लोक लवॉनला हळू आवाजात ‘कसा आहे तो?’ विचारायचे, आणि दोनदा तर कुणीतरी बेक केलेल्या मक्रोनीचा डबा दारात ठेवून गेलं, आमच्याकडे आजाऱ्याला देतात तसा. ग्रिमस्टॅड मंडळींनी तो चवीनं खाल्ला.

आणि पायरीच्या त्या पहिल्या रविवारी एलरॉय उजवीकडच्या पहिल्या बाकावर जाऊन बसला होता. आमच्याकडे पहिल्या बाकावर कुणी बसत नाही, मेलेल्याचे नातेवाईक सोडून. पण व्यासपीठामागचं तिथूनच दिसतं. पाद्रीबाई वर चढल्या, बारीकसा करकर आवाज झाला, आणि मागच्या बाकांना त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. प्रवचन चाळीस मिनिटं चाललं. कशावर होतं, ते एलरॉयला आजही सांगता येणार नाही. तो सगळा वेळ त्यांच्या बुटांकडे बघत होता.